‘त्रयस्थ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : इलास्टिक, कोट आणि हात

‘त्रयस्थ’ यांस,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आत्ता झोप, सकाळी लिही, सकाळपर्यंत राग उतरेल. सकाळी पुन्हा वाचली तर रात्रीपेक्षा जास्त लागली. म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीन्स-टीशर्ट, कुर्ता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट अशा रोजच्या कपड्यांत जादू करताना रुमाल किंवा अंगठी गायब करायची असेल तर ‘पुल’ कुठे आणि कसा लपवावा, हा त्या लेखाचा विषय होता. पुल म्हणजे इलास्टिकच्या टोकाला लावलेली छोटी वाटी. वस्तू मुठीतून वाटीत जाते, मूठ सैल होते आणि इलास्टिक वस्तूला घेऊन कपड्यांत पळतं. (मराठीत ‘पुल’ लिहिलं की वाचक भलत्याच अपेक्षेने येतो, याची कल्पना आहे. पण आमच्यात हाच शब्द चालतो.)

त्यावर त्रयस्थांनी पाच गोष्टी लिहिल्या. एक, थंब टिप, म्हणजे नकली अंगठा, जीन्सच्या मागच्या खिशात ठेवा असं मी लिहिलं, तर तिथे तो चेपतो. दोन, पुलाचं तोंड शर्टाच्या खाली पुढच्या बाजूला ठेवा असं मी लिहिलं, पण बसलेल्या प्रेक्षकांची नजर बरोबर त्याच उंचीवर असते. तीन, इलास्टिकऐवजी रीळ, म्हणजे दोरी आपोआप गुंडाळून घेणारी चकरी, वापरलं तर आवाज येतो. चार, अशी गुपितं चारचौघांत लिहू नयेत. आणि पाचवं वाक्य जसंच्या तसं देतो : “ज्याला हात चालवता येत नाही तो इलास्टिक शोधतो, एक बरा कोट शिवून घेतला असता तर हा बाळबोध लेख लिहायची वेळ आली नसती.”

पहिली गोष्ट मान्य. मागच्या खिशात ठेवून रिक्षात बसलं की नकली अंगठा चपटा होतो आणि मग तो खऱ्या अंगठ्यावर नीट बसत नाही. जीन्सला उजवीकडे मोठ्या खिशाच्या आत जो छोटा खिसा असतो, तिथे तो उभा राहतो आणि अंगठा आत घातला की चढूनच बाहेर येतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. तुम्ही नवीन दिसता.

आता पाचवं वाक्य.

‘बाळबोध’ हा शब्द मला खटकला नाही. खटकला तो त्यातला ऐटीचा सूर. ‘एक बरा कोट’ म्हणे! म्हणजे आमच्याकडे बरा कोट नाही, हे तुम्ही धरूनच चाललात. आहे. दोन आहेत. त्यातला एक १९९८ साली शिवलेला काळा सूट आहे आणि तो घालून मी अकरा वर्षं प्रयोग केले आहेत. तुम्ही प्रोफाइलवर ना नाव दिलंय, ना गाव. तुम्ही किती प्रयोग केले असतील याचा अंदाज मी करत नाही. तुम्हीही माझ्या कपाटाचा करू नये.

पण शब्द सोडा. कोटात जादू करणारा हातांवर जगतो आणि टीशर्टातला यंत्रावर, ही समजूत मुळातच उलटी आहे. जादूगाराने संध्याकाळच्या समारंभाचा काळा कोट घालायचा, ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं ते फ्रान्सच्या रॉबेर-उदँला. हा १८०५ ते १८७१ या काळातला माणूस, मूळचा घड्याळजी. पॅरिसमध्ये १८४५ साली त्याने स्वतःचं छोटं थिएटर काढलं. लांब झगे आणि टोकदार टोप्या टाकून तो समोरच्या प्रेक्षकांसारखाच सभ्य पोशाखात उभा राहिला. म्हणजे त्याच्या काळातला तो साध्या कपड्यांतलाच जादूगार! आणि त्या सभ्य कोटाच्या शेपटांत खोल चोरखिसे होते, पाटलोणीच्या मागच्या बाजूला मांडीशी आणखी दोन छोटे. हात नुसता खाली सोडला की बोटं खिशाच्या तोंडाशी. तो कोट म्हणजे कपडा नव्हता, कपाट होतं.

त्याच्यानंतरच्या फ्रेंच जादूगाराचा, ब्यूतिए द कोल्ताचा पिंजरा घ्या. १८७० च्या दशकातली ही करामत. दोन हातांत धरलेला तारेचा पिंजरा, आत पक्षी, एक-दोन-तीन, आणि हात रिकामे. पुढे कार्ल हर्ट्झ हा जादूगार हाच प्रयोग करायचा. दरवेळी पक्षी मरतो असा आरोप झाला, तेव्हा १९२१ साली ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर त्याने पिंजरा गायब केला आणि पक्षी जिवंत असल्याचं दाखवलं. खासदार चकित वगैरे झाले. पण पिंजरा गेला कुठे, त्रयस्थराव? कोटाच्या बाहीत! दोरीने ओढून! अर्ध्या बाह्यांत तो गेलाच नसता. मग द कोल्ताला हात चालवता येत नव्हता म्हणून त्याने दोरी शोधली, असं म्हणायचं का?

जुगाऱ्यांचंही तेच. १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला केप्लिंगर नावाचा पत्तेबाज होता. त्याने बाहीत असं यंत्र बसवलं होतं की टेबलाखाली गुडघे फाकवले की पान आत जायचं आणि बाहेर यायचं. सोबतचे खेळणारे स्वतः पक्के लबाड, तरी महिनोन्‌महिने त्यांना पत्ता लागेना. शेवटी त्यांनी त्याला धरून झडती घेतली. आणि शिक्षा काय दिली? आम्हालाही असंच एकेक करून दे! ती माणसं हाताने पत्ते लपवण्यात मुरलेली होती. त्यांना त्या यंत्राची लाज वाटली नाही. लाज तुम्हाला वाटते.

‘आपले रस्त्यावरचे जादूगार बघा, उघड्या हातांनी करतात,’ असं तुम्ही आता म्हणाल. म्हणून आधीच सांगतो. मी तासन्‌तास त्यांच्यासमोर उकिडवा बसलोय. तीन वाट्या, कापडाच्या गोळ्या, अंगात बंडी, कधी तीही नाही. हात अप्रतिम, वादच नाही. पण शेजारी झोळी असते आणि मंतरलेली राख काढायला किंवा हाडूक घ्यायला हात झोळीत जातो. रिकामा जातो असं वाटतं का तुम्हाला? कोट नसेल तिथे झोळी, झोळी नसेल तिथे उकिडवं बसल्यावर मांडीच्या आत तयार होणारी जागा. वस्तू कुठेतरी जावीच लागते. हवेत विरघळत नाही.

आता मे महिन्यात डोंबिवलीच्या मंगल कार्यालयात सूट घालून उभे राहा, पंखे नवरानवरीकडे वळवलेले असताना. मी राहिलोय. २००७ साली एका मुंजीत मी काळ्या सुटात होतो आणि बाकीचे सगळे पुरुष सदऱ्यात. मी अंगठी गायब केली तर पहिल्या रांगेतले आजोबा शांतपणे म्हणाले, “बाहीत गेली.” बाहीत गेली नव्हती. अगदी साध्या हातचलाखीने डाव्या तळहातात होती. तुम्हाला हवी तशी, शुद्ध, शाकाहारी! पण कोट दिसला की माणसांना बाही दिसते आणि त्यांचं उत्तर तयार असतं. त्यावर काय करणार? बाही झटकून दाखवली की उरलेल्यांनाही संशय येतो. पुढच्या महिन्यात तोच प्रयोग अर्ध्या बाह्यांच्या शर्टात केला, या वेळी पुल लावून. ‘बाहीत’ कोणी म्हटलं नाही. कोणीच काही म्हटलं नाही, एक बाई नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. त्या दिवशी सूट कपाटात गेला तो आधी दोन वर्षं फक्त छोट्या कार्यक्रमांपुरता आणि मग कायमचा.

अमेरिकेत डेव्हिड ब्लेन १९९७ साली टीव्हीवर टीशर्ट घालून रस्त्यात लोकांसमोर उभा राहिला आणि जगभरच्या तरुण जादूगारांनी कोट उतरवले. फॅशन म्हणा हवं तर. आपल्याकडे पी. सी. सोरकार महाराजांच्या पोशाखात, तुरा लावून रंगमंचावर यायचे आणि ते त्यांना शोभत होतं, कारण त्यांच्यामागे अख्खा रंगमंच होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजीसमोर उभ्या असलेल्या माणसाने तुरा लावला तर तो बँडवाल्यांतला वाटतो.

राहिला प्रश्न ‘हात चालवता येत नाही’चा. इलास्टिक हात चालवत नाही, त्रयस्थ. पुलाची वाटी न बघता बोटांत घ्यायची. घेताना कोपर हलायला नको, म्हणजे अंग आधी किंचित डावीकडे वळलेलं हवं आणि वळायला काहीतरी निमित्त हवं. रुमाल आत खुपसताना शेवटचं टोक बाहेर राहिलं की संपलं. सोडायची वेळ म्हणजे नजर दुसरीकडे असतानाचा अर्धा क्षण, आणि सोडल्यावर मूठ लगेच उघडायची नाही. रिकामी मूठ भरल्यासारखी धरून दोन आकडे मोजायचे. नवशिका इथेच मरतो, त्याला उघडायची घाई असते. आणि कोटात या सगळ्यावर पांघरूण पडतं, कापड जड असतं, अस्तर असतं. टीशर्टात इलास्टिकची रेघ पाठीवर शिरेसारखी उठते. म्हणून आत टीशर्ट आणि वर बटणं न लावलेला मोठ्या चौकड्यांचा शर्ट; चौकड्यांत रेघ हरवते. इलास्टिक डाव्या कमरेच्या पट्ट्याच्या लूपला सेफ्टी पिनने अडकवायचं, मागून लूपांमधून ओवत उजवीकडे आणायचं. फार ताणलेलं असेल तर वाटी बकलावर ठक्‌ वाजते, सैल असेल तर खाली लोंबते. कुर्त्यात काम सोपं, कारण बाजूची फट आयतीच असते. बंडीच्या आत मी शिंप्याकडून रुंद तोंडाचा चोरखिसाही लावून घेतलाय. शिंप्याने विचारलं, एवढा मोठा कशाला? म्हटलं, मोबाइलला. तेवीस मापं झाली तेव्हा कुठे तो खिसा वस्तू न अडकवता गिळायला लागला.

हे सगळं ज्याला ‘हात चालवता येत नाही’ त्याने केलं, बरं का!

आणि नम्रपणे सांगतो, म्हणजे तुमच्याइतक्या नम्रपणे नाही, की या सव्वीस वर्षांत पुल लावलेला असताना मी फक्त एकदा पकडला गेलो. गणेशोत्सवातला सोसायटीचा कार्यक्रम होता. पुढे सतरंजीवर मुलं बसली होती. लाल रुमाल गायब झाला, टाळ्या पडल्या आणि अगदी पुढे बसलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “काकांच्या शर्टातून लाल शेपूट आलंय.” हशा पिकला. माझाही चेहरा लाल. पण तो दोष इलास्टिकचा होता. आपल्या दमट हवेत आणि घामात इलास्टिक वर्षभरात मरतं, आणि मी ते दीड वर्ष बदललं नव्हतं. मागे खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कुणालाच काही दिसलं नव्हतं. तेव्हापासून इलास्टिक दर सहा महिन्यांनी बदलतो. आणि मुलांना सतरंजी थोडी मागे ओढायला सांगतो.

तुमचे बाकीचे मुद्दे. रिळाचा आवाज येतो, हो, स्वस्त रिळाचा येतो. मी रीळ वापरा असं कुठे लिहिलंय? पुन्हा वाचा. गुपितांबद्दल म्हणाल तर पुल ही जादूच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत येणारी गोष्ट आहे. जादूचं सामान विकणारे तो चिठ्ठीवर कृती छापून विकतात. जो शोधेल त्याला तो सापडेल, आणि जो माझा अडीच हजार शब्दांचा लेख शेवटपर्यंत वाचेल तो शोधणाराच असेल. नजरेच्या उंचीचा मुद्दा प्रेक्षक कुठे बसवता यावर अवलंबून आहे, त्यात माझ्या लेखाचा संबंध नाही.

एक व्यक्तिगत गोष्ट. मला ज्यांनी शिकवलं ते गुरुजी प्रयोगाच्या दिवशी धोतर नेसायचे. रुमाल कुठे जातो हे मी चार वर्षं विचारलं नाही, कारण विचारायची पद्धत नव्हती. शेवटी त्यांनीच एका रात्री निऱ्या सोडून दाखवल्या. त्यात हाताने वळलेला रबराचा दोर होता, सायकलच्या ट्यूबचा. त्यांच्या हातांना नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुमचं वाक्य वाचताना मला ते आठवले, आणि राग आला तो मुख्यतः त्यामुळे. एरवी मी इतकं लांब उत्तर देत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तर सूर जरा सांभाळा, उत्तर मिळेल. नाही सांभाळलात तर मिळणार नाही.

आणि कोणी मूळ लेख आता उघडून बघेल म्हणून सांगून ठेवतो. पुलाचं तोंड ‘शर्टाच्या खाली पुढच्या बाजूला’ होतं, तिथे ‘उजव्या कमरेला, शिवणीच्या चार बोटं मागे’ असं केलं आहे. ते तुमच्या सांगण्यावरून नाही. मला ते आधीपासूनच बदलायचं होतं.