पारंपरिक की व्हर्च्युअल? आधी टक्केवारीचा छेद बघा

अमेरिकेतल्या लहान स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मुलं शिकत असलेल्या मराठी पालकांसाठी ही पोस्ट आहे. डिस्ट्रिक्टचं स्वतःचं व्हर्च्युअल (ऑनलाइन) हायस्कूल असलं की दोन्ही शाळांचे ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे वेळेत डिप्लोमा घेणाऱ्या मुलांची टक्केवारी, शेजारी ठेवून व्हर्च्युअलला नापास ठरवलं जातं. ही तुलनाच चुकीची आहे.

हा रेट चार वर्षांच्या कोहोर्टवर, म्हणजे नववीत एकत्र सुरुवात केलेल्या मुलांच्या गटावर, काढतात. मधेच शाळा बदललेलं मूल जुन्या शाळेच्या छेदातून निघून नव्या शाळेच्या छेदात जातं, बुडालेल्या क्रेडिट्ससकट (कोर्स पास झाला की मिळतात आणि डिप्लोमासाठी मोजतात, ते क्रेडिट्स). समजा, पारंपरिक शाळेत ६० मुलं, त्यातली ५४ वेळेत डिप्लोमा घेणार. व्हर्च्युअलमध्ये १०, त्यातली ९. दोन्हीकडे ९० टक्के. आता मागे पडलेली ती सहा मुलं अकरावीत व्हर्च्युअलला पाठवली आणि तिथे त्यातली दोन सावरली. पारंपरिक शाळा १०० टक्क्यांवर, व्हर्च्युअल १६ पैकी ११, म्हणजे ६९ टक्क्यांवर! प्रत्यक्षात डिस्ट्रिक्टमध्ये दोन मुलं जास्त पास झाली, आणि ती ज्या शाळेने सावरली तिच्यावरच ठपका. म्हणून बोर्डाच्या मीटिंगमध्ये विचारा: मूल आलं तेव्हा किती क्रेडिट्स होते, आणि वर्षभरात किती मिळवले?

याचा अर्थ ऑनलाइनमध्ये धोका नाही असा अजिबात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राच्या २०१५च्या अभ्यासात पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांतली (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांतली) मुलं नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे दिसली. म्हणजे अख्खं शालेय वर्ष. पण लहान डिस्ट्रिक्टच्या हाती एक गोष्ट असते: मूल आठवड्यातून दोनदा इमारतीत येऊन मेंटॉरसमोर बसू शकतं. वर्गातली गैरहजेरी पहिल्या तासालाच कळते. ऑनलाइन मात्र काही ठिकाणी नुसतं लॉगिन झालं की हजेरी लागते आणि तीन आठवडे एकही असाइनमेंट गेलेली नसते. हजेरी लॉगिनवर धरतात की पूर्ण झालेल्या कामावर, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. शिकवणारे शिक्षक डिस्ट्रिक्टचे की कंपनीचे, हेही.

हुशार मुलांसाठी एकच एक शाळा निवडायची गरज नसते. लहान शाळेत तीन मुलांसाठी एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा कोर्स) फिजिक्सचा वर्ग निघत नाही, तिथे तेवढा एक कोर्स ऑनलाइन घ्यावा. मात्र मे महिन्यातली परीक्षा कुठे देणार ते शरद ऋतूतच ठरवा, कारण परीक्षेची ऑर्डर शाळेला तेव्हाच द्यावी लागते. कॉलेजात डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायचं असेल तर हायस्कूलमध्ये मुख्य विषयांचे १६ कोअर कोर्स लागतात. ऑनलाइन कोर्स एनसीएएच्या मंजूर यादीत आहे का, ते नाव नोंदवण्याआधी समुपदेशकाकडून तपासून घ्या.