माझ्या पर्समधलं ‘वेपन’

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल.)

पुतणीच्या बाळाचं बारसं रविवारी आहे, म्हणून दुपारी एका मॉलमध्ये गेले होते. दारात पर्स तपासतात. तपासणाऱ्या पोराच्या हाताला माझा चाकू लागला. लाल मुठीचा, मिटलेला, माझ्या मधल्या बोटापेक्षा जेमतेम लांब. पोरगा चांगला होता. म्हणाला, “मावशी, हे आत न्हाई चालायचं.” म्हटलं, ठीक आहे बाबा, नियम असेल, ठेव तुझ्याकडे, जाताना दे. विषय तिथेच संपला असता. तेवढ्यात त्याचा टायवाला साहेब आला, मेलेला उंदीर धरावा तसा चाकू चिमटीत धरला आणि मागच्या दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, वेपन घेऊन कशाला फिरता?”

वेपन!

मी बावन्न वर्षांची बाई. लोकांच्या गच्च्यांवर बागा लावून देणं हा माझा धंदा. दिवसातून चाळीस वेळा सुतळी कापते, खताच्या गोणीची शिवण उसवते, गुलाबाला डोळा भरते (म्हणजे कलम करते), आणि बारा वाजता कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून काकडी कापून खाते. चाकू नसेल तर मला पर्स नाही, हात नसल्यासारखं वाटतं. आणि त्याच मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर भांड्यांच्या दुकानात वीतभर पात्याच्या सुऱ्या लाकडी ठोकळ्यात खोचून विकायला ठेवल्यात, वर वीस टक्के सूट! त्या घेऊन बाई बाहेर आली की ती गृहिणी, आणि माझी अडीच इंच घेऊन आत निघाली की ती कोण?

मी त्या साहेबाला काहीही बोलले नाही. हीच तर चीड आहे. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला शिरवळची गोष्ट सांगत होते. तुम्हालाच सांगते.

2015 चा मे महिना. मैत्रिणीच्या गाडीतून वाईला निघालो होतो. शिरवळच्या जरा अलीकडे कलिंगडं घ्यायला थांबलो. समोरून मोटरसायकल आली, मागे विशीतली मुलगी, आणि तिची ओढणी मागच्या चाकात. एका क्षणात ती मुलगी मागे खेचली गेली. पोराने गाडी थांबवली म्हणून निभावलं, पण ओढणी चेन आणि चाकाच्या मध्ये पिळून बसलेली आणि दुसरा वेढा गळ्याला. चेहरा लाल झालेला. भोवती पंधरा माणसं. “चाक उलटं फिरवा”, “नको नको, पुढे घ्या”, दोघांचे मोबाइल वर. कापायला एकाकडे काही नाही. मी पर्समधून हाच चाकू काढला. हाच, दिरांनी स्वित्झर्लंडच्या सहलीतून आणलेला. ती मुलगी आज कुठेतरी आपल्या लेकराला शाळेत सोडत असेल. वेपन म्हणे.

आता कायद्याचं. कारण कुणीतरी कॉमेंटमध्ये “ताई, इल्लीगल असतं ते” लिहिणारच आहे. शस्त्र कायदा 1959 चा, त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. त्यात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रात धरलेत, आणि त्यातूनही घरातल्या, शेतीतल्या, प्रयोगशाळेतल्या, कारखान्यातल्या कामासाठी बनवलेले वगळलेत. माझं पातं अडीच इंच लांब आणि करंगळीएवढं रुंद. हिशोब तुम्हीच करा.

बरं, हेही सांगते, नाहीतर वकील मंडळी अंगावर येतील. 9 इंचांच्या आत म्हणजे सगळं माफ असं नाही. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाईचे आदेश निघतात, त्यात सुऱ्याही असतात. (काठ्याही असतात. म्हणजे आमचे आप्पा त्या दिवसांत फिरायला निघाले की गुन्हेगारच!) विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, सामानात टाकायचा. मॉलवाल्यांचं दार त्यांचं, तिथे त्यांचा नियम. मान्य, सगळं मान्य. काढून ठेवा, टोकन द्या. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

हा चाकू मुळात कशासाठी जन्माला आला ते त्या साहेबाला कुणी सांगावं? कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला आणि 1891 मध्ये त्यांच्या सैन्याला घडीचे चाकू पुरवले. कशाला? डबाबंद जेवण उघडायला आणि रायफलचे स्क्रू फिरवायला. सैनिकाकडे वेपन म्हणून रायफल होती! आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो, तो त्याचाच पुढचा, 1897 चा अवतार. सैनिकाच्या खिशातसुद्धा जे अवजार होतं, ते माझ्या पर्समध्ये येऊन हत्यार झालं.

जाऊ दे. चहा करून आले. जरा शांत झालेय.

मागे तुमच्यापैकी तिघीचौघींनी इनबॉक्समध्ये विचारलं होतं, कुठला घ्यावा. तर ऐका. पातं तीन इंचांच्या आत. त्याहून मोठ्याची रोजच्या कामात गरज पडत नाही, आणि खिशात टोचतं ते वेगळंच. बटण दाबलं की फट्‌कन उघडणारा, खटक्याचा, अजिबात नको. रामपुरी म्हणतात तो. त्या रामपूरमध्ये 2023 साली चौकात वीस फुटी चाकू उभारलाय म्हणे कौतुकाने, उभारू देत. पण पर्समधून तो निघाला की समोरच्याला सत्तरच्या दशकातला खलनायकच दिसणार, आणि मग तुम्ही काकडीची गोष्ट सांगा नाहीतर गुलाबाची. काळं पातं, दाते, वर कवटीचं चित्र, असले ‘टॅक्टिकल’ प्रकारही नकोत. ऑनलाइन दोनतीनशेला मिळतात. धार चार दिवस, आणि गंज आयुष्यभर.

नखाने खाच धरून, दोन हातांनी उघडायचा साधा चाकू घ्या. दुकानात उघडून बघा. शेवटी टक्‌ असा आवाज आला पाहिजे, पाठीची स्प्रिंग नीट बसल्याची खूण ती. पूर्ण उघडून पातं डावी-उजवीकडे हलवा, डुगडुगलं तर तिथेच परत द्या. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही ना, ते बघा. असल्या चाकूला लॉक नसतं, त्यामुळे टोकाने खुपसायचं काम त्याच्याकडून करायचं नाही. माझ्या तर्जनीवर याची पावती आहे, दोन टाक्यांची.

लॉक हवंच असेल तर तो फ्रेंच लाकडी मुठीचा ओपिनेल सुंदर असतो. 1890 पासून बनवतात. मानेशी लोखंडी कडं फिरवलं की पातं घट्ट. माझ्याकडे सहा नंबरचा आहे, घरी. घरीच, कारण आपल्या पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं आतून बाहेर यायलाच तयार होत नाही, माहेरी आलेल्या लेकीसारखं. त्यातला साध्या पोलादाचा घेतला तर कैरी कापली की काळा पडतो. पडू दे, त्याने काही होत नाही, पण ज्यांना भांडी लखलखीत लागतात त्यांनी स्टेनलेसच घ्यावा.

इंग्लंडात लीड्सला असलेल्या भाचीला मी हाच ओपिनेल पाठवणार होते. ती म्हणाली, “मावशी, इथे खिशात नाही चालत तो.” तिकडचा कायदा बघा कसा नेटका आहे. घडीचा चाकू, पात्याची धार 3 इंचांपर्यंत, आणि लॉक नको. यात बसला तर कारण विचारत नाहीत, फक्त तो कुणाला भोसकायला बाळगलेला नसला पाहिजे. लॉक असेल तर सबळ कारण दाखवा. घडीचं आणि 3 इंचांचं त्यांनी 1988 च्या कायद्यात लिहून ठेवलंय, लॉकचं पुढे त्यांच्या कोर्टाने ठरवलं. तिकडे पोरं चाकूने मरतात, तरीही आजीच्या सफरचंदाचा चाकू त्यांनी वेगळा काढून ठेवला. आपल्याकडे दारावरच्या साहेबाच्या मूडवर!

हो, ठाऊक आहे. पुण्यात राहते मी. कोयते नाचवणारी पोरं मीही पाहिलीत, आमच्या मागच्या गल्लीत गाड्या फोडल्या त्या रात्री मी खिडकीतच होते. तपासणी नको असं माझं म्हणणं नाही. एवढंच म्हणते की कोयता आणि काकडीचा चाकू यातला फरक डोळ्यांना दिसायला हवा.

आणि आता दुसऱ्या बाजूच्यांनाही ऐकवते, कारण ते जास्त डोक्यात जातात. “प्रत्येक मुलीने पर्समध्ये चाकू ठेवावा, स्वसंरक्षणासाठी”, असे मेसेज फिरवणारे. अरे बाबांनो, तुम्ही कधी घाबरलेल्या हाताने चाकू उघडलाय का? मी उघडलाय. शिरवळला. हात कलिंगडाने चिकट, कापरं भरलेलं, आणि त्या खाचेत नख काही केल्या बसेना. आदल्याच दिवशी नखं कापली होती. तीनदा प्रयत्न केला. समोरची मुलगी माझा गळा धरायला येत नव्हती, निपचित पडून होती, तरी ही गत. अंगावर आलेल्या माणसापुढे काय होईल? तो चाकू दोन सेकंदांत त्याच्या हातात असेल. आणि ज्या क्षणी तुम्ही “संरक्षणासाठी ठेवलाय” असं तोंडाने म्हणता, त्या क्षणी तुम्हीच त्याला हत्यार करून टाकता. मग त्या साहेबाचं काय चुकलं? पोरींना पळायला शिकवा, ओरडायला शिकवा. चाकू द्यायचाच तर पेरू कापायला द्या.

एका हाताने उघडणारा असता तर त्या दिवशी लवकर उघडला असता, हे खरं आहे. माझा नवरा हे दर दोन महिन्यांनी ऐकवतो. ऐकवू दे.

आता इतकं लिहिलंच आहे तर खरं काय ते सांगते. वरची गोष्ट मी गेली दहा वर्षं अशीच सांगत आलेय, आणि ती पूर्ण खरी नाही. चाकू उघडला, ओढणीला लावला, आणि तो कापेचना. जॉर्जेट. आदले आठ महिने त्या चाकूने मी तारा सोलल्या होत्या, कुंडीतली माती उकरली होती, रंगाच्या डब्याची झाकणं उचकटली होती. धार म्हणून राहिलीच नव्हती. मी घासत होते, कापड नुसतं घसरत होतं, चारपाच धागे तुटले असतील. तेवढ्यात मागून कलिंगडवाला आला, मला बाजूला केलं, गळा आणि ओढणीच्या मध्ये स्वतःची दोन बोटं घातली आणि त्याची ती फूटभर लांब सुरी अशी फिरवली की लोण्यातून गेल्यासारखी. मुलगी खोकायला लागली. त्याने सुरी मांडीला पुसली आणि परत कलिंगडाच्या ढिगाकडे जाताना मला म्हणाला, “ताई, धार न्हाई तुमच्याला.”

मैत्रिणीला माहीत आहे. तिने आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून ती मैत्रीण.

त्याच आठवड्यात बोहरी आळीत जाऊन कुरुंदाचा दगड आणला. सायकलवर चाक फिरवत धार लावणारे येतात त्यांच्याकडे विळी द्या, कात्री द्या, लहान चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा बारीक पातं तापतं आणि मऊ पडतं. घरी दगडावर पाणी टाकून, पातं जेमतेम कललेलं धरून, दोन्ही बाजू सारख्या. दर रविवारी दहा मिनिटं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला की झालं. त्या दिवसापासून माझ्या चाकूने माती उकरलेली नाही. त्यासाठी खुरपं आहे.

तर आजचं. बाहेर पडताना चाकू मागायला गेले. साहेब नव्हता. पोराने खण उघडून काढून दिला, वहीत माझी सही घेतली. मी घुश्शातच होते, म्हटलं, सांभाळून ठेवलास ना रे? तर लाजला. म्हणाला, “मावशी, धार लई भारी हाय. कुठं मिळतो असला?” गाव विचारलं तर माजलगावकडचा निघाला. घरी मोसंबीची बाग होती, आता नाही. मी त्याला दगडाचं सांगितलं, दुकानाची खूण सांगितली, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा त्या साहेबावर चिडायला लागले.

आत्ता लिहितालिहिता सवयीने चाकू उघडला. नखाच्या खाचेत पेरूची बी अडकलीय.

मी आज पेरू खाल्लेला नाही.