दहांतला एक शोमरोनी

नवापूरहून भावाचा फोन आला की हल्ली पाऊसपाण्याच्या आधी एकच विषय निघतो. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही मागणी. ‘डीलिस्टिंग’ हा शब्द आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालाय. अनुसूचित जातींच्या 1950च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींना ती नाही. तीच आता लावा म्हणतात. आम्ही मावची आदिवासी, आजोबांपासून ख्रिस्ती. माझं नर्सिंग जमातीच्या दाखल्यावर झालं, त्यामुळे आयर्लंडच्या डब्लिनमध्येही या वादाने माझी झोप उडते.

‘हा परक्यांचा धर्म’ हे त्यातलं सगळ्यात मोठ्याने म्हटलं जाणारं वाक्य. मी इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. ज्याच्या नावाने 17 मार्चला देशभर सुट्टी असते, तो संत पॅट्रिक मूळचा इथला नव्हता. ब्रिटनमधून गुलाम म्हणून पळवून आणलेला पोरगा, रानात जनावरं राखायचा. आणि नासरेथचा येशू तर या लोकांनाही आमच्याइतकाच लांबचा. 2025च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा एक आजी रोज पहाटे जपमाळ थांबवून मला विचारायच्या, “आज घरी कोण सोडणार आहे तुला?” मी त्यांच्या कॅथलिक पंथाची नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 17व्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी बरे होतात. मागे फिरून येशूच्या पाया पडतो तो एकटाच, आणि तो निघतो शोमरोनी. यहुदी ज्यांच्या वाऱ्याला उभे राहत नसत त्यांच्यातला. येशू त्याला म्हणतो, ऊठ, जा. शोमरोनी ज्या डोंगरावर उपासना करत, तो तुझा देवाचा डोंगर सोड, अशी अट नाही. आणि जे नऊ आलेच नाहीत, त्यांचं बरेपण तो परत मागत नाही.

सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, हेही मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचंच सांगणं, ते मी लपवणार नाही. पण त्याच मत्तयात, 23व्या अध्यायात, एक माणूस आपल्या मताचा करायला समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या परूश्यांना, म्हणजे कडव्या यहुदी पंथाच्या लोकांना, त्याने झोडपलंय. त्यावर आमच्या चर्चमध्ये मी एकदाही प्रवचन ऐकलं नाही.

यादीतून नाव काढायला माझा ठाम विरोध आहे. डोंगरउतारावरची शेती आणि मावची बोली आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून दिली नाही. पण आमच्या माणसांचंही चुकलं. आदिवासींची देवी याहामोगी, तिची पूजा होते म्हणून माझ्या काकांनी चुलतभावाच्या घरी जेवणं सोडलं. लोक ज्यांना पापी म्हणत त्या जकातदारांच्या पंगतीला बसणाऱ्या येशूचं नाव घेऊन! त्याला आता सहा वर्षं झाली. दोघांची घरं एकाच वाटेवर आहेत, आणि काका मळ्यात जाताना वळसा घालून जातात.

डिसेंबरात मी घरी येतेय. नवापूर स्टेशनावर तो बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. दोघांनाही सांगितलंय, मला घ्यायला एकाच गाडीने या, बाकावर बसून राहा. चुलतभाऊ लगेच हो म्हणाला. काकांचं उत्तर अजून आलेलं नाही.