एमजीबीच्या मागच्या एक्सलचा ‘ठक्’ आणि ‘सगळे बेअरिंग बदला’ हा सल्ला

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एमजीबी या गाडीच्या मागून ‘ठक्’ असा आवाज आला, की क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधले मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे लहान दातेरी चक्र) झिजले असे समजावे. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) उघडून सगळे बेअरिंग नवे बसवावेत, जुन्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जशाच्या तशा परत घालाव्यात, दातांमधला प्ले (मोकळी ढिलाई) कमी करावा, पिनियनचा नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळावा आणि तरीही आवाज उरला तर जाड तेल भरावे. हे सारे घरच्या हत्यारांनी एका रविवारी होते, असे त्यात सांगितलेले असते. हा सल्ला मानल्यामुळे चांगले क्राऊन-पिनियन कायमचे बिघडतात, म्हणून त्याचा एकेक भाग तपासायला हवा.

आधी निदान. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. सुरुवातीच्या उघड्या (पक्के छत नसलेल्या) गाड्यांना बँजो पद्धतीचा, म्हणजे डिफरन्शियल समोरून काढता येणारा, एक्सल होता. १९६५ मध्ये आलेल्या जीटीला (पक्क्या छताच्या एमजीबीला) आणि १९६७ पासून उघड्या गाड्यांनाही नळीच्या पद्धतीचा, मागे झाकण असलेला, एक्सल बसू लागला. दोन्ही एक्सलांत ‘ठक्’ आवाजाचे नेहमीचे कारण क्राऊन-पिनियन हे नसते. डिफरन्शियलच्या आतल्या लहान गिअरांमागे पितळी धाटणीच्या धातूचे आणि एक्सलच्या दांड्यांवर बसणाऱ्या गिअरांमागे फायबरचे थ्रस्ट वॉशर (गिअरांचा बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या) असतात. ते झिजून पातळ झाले, की गिअर एकमेकांपासून दूर सरकतात आणि इंजिनाचा जोर उलटसुलट होताना दणकन एकमेकांवर येतात. क्राऊनच्या एका फेऱ्यामागे पिनियन ३.९०९ फेरे घेते, त्यामुळे आतली ही ढिलाई प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) हाताने फिरवून पाहिल्यास जवळपास चौपट मोठी भासते आणि पाहणारा घाबरून जातो.

हे वॉशर स्वस्त असतात. नळीच्या एक्सलवर ते बदलण्यासाठी मागचे झाकण काढून, दोन्ही बाजूंच्या दांड्या ओढून, आडव्या पिनला धरणारी छोटी रोल पिन ठोकून बाहेर काढली की काम होते. क्राऊन आणि पिनियन यांची मांडणी जागची हलतही नाही. बँजो एक्सलमध्ये दांड्या ओढल्यावर सगळा डिफरन्शियल समोरून टेबलावर घेता येतो. शिवाय डिफरन्शियलला हात लावण्यापूर्वी प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट (टोकांचे वळणारे सांधे) तपासावेत, आणि गाडीला तारांची चाके असतील तर हबवरच्या (चाक ज्यावर बसते त्या भागावरच्या) खाचाही. मागचे चाक उचलून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुढे-मागे हलवून पाहावे. हब जागच्या जागी राहून चाक हलले, तर दोष खाचांच्या झिजण्यात आहे. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती न करता एक्सल उघडणे मला अक्षम्य वाटते.

आता ‘जुन्या शिम परत घाला’ या भागाकडे वळू, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. पिनियन क्राऊनच्या मध्याकडे किती आत बसेल, हे पिनियनच्या डोक्याशी असलेल्या शिमच्या जाडीवर ठरते. ती जाडी कारखान्यात त्या विशिष्ट पिनियनवर कोरलेला आकडा, ते हाऊसिंग आणि तेव्हाचा बेअरिंग यांना धरून निवडलेली असते. नव्या बेअरिंगची रुंदी जुन्यापेक्षा हजारांश इंचांनी वेगळी निघू शकते, आणि इथे तेवढ्याच फरकाने दातांवरचा स्पर्शाचा पट्टा सरकतो. म्हणून जुना आणि नवा बेअरिंग मोजून शिममध्ये तो फरक भरून काढावा लागतो आणि शेवटी दातांना खुणेचा रंग लावून पट्टा प्रत्यक्ष पाहावा लागतो. पट्टा दाताच्या टोकाकडे किंवा मुळाकडे गेला तर दोष पिनियनच्या खोलीत असतो. दाताच्या लांबीवर तो आतल्या किंवा बाहेरच्या कडेला सरकला, तर आधी क्राऊनचे पिनियनपासूनचे अंतर पाहावे. हा पट्टा न पाहता बंद केलेला एक्सल बहुधा रस्त्यावर गाऊ लागतो, म्हणजे सतत सूर काढतो.

याच कारणाने प्ले कमी करून ‘ठक्’ घालवण्याचा सल्ला घातक आहे. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ११ दात आहेत. या संख्यांना सामाईक भाजक नसल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताशी आळीपाळीने भिडतो आणि हजारो मैलांत दोघे एकमेकांना घडवतात. ही जोडी ज्या अंतरावर रुळली, त्याहून जवळ आणली तर दात न रुळलेल्या जागी घासू लागतात, ‘ठक्’ तसाच राहतो आणि वर एक सततची किणकिण मिळते. एका एक्सलचे पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनशी जोडू नये, हेही यातूनच येते.

पिनियनच्या नटाविषयीचा सल्ला तर यंत्रणेच्याच विरुद्ध आहे. नळीच्या एक्सलमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये दबत जाणारी नळी असते. नट किती जोराने आवळला यापेक्षा पिनियन फिरवायला किती जोर लागतो, हे तिथे महत्त्वाचे ठरते, म्हणून नट थोडा थोडा आवळून दर वेळी ते मोजतात. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही, कारण दबलेली नळी पुन्हा उभी राहत नाही आणि नवीच घालावी लागते. फक्त तेलाचे सील बदलायचे असेल, तर नट सोडण्यापूर्वीच हा फिरण्याचा जोर मोजून लिहून ठेवावा. याच एक्सलमध्ये क्राऊनच्या बाजूचे बेअरिंग इतके घट्ट बसतात की ते काढण्या-घालण्यासाठी हाऊसिंग किंचित फाकवणारे खास हत्यार लागते. पहारीने उचकटल्यास हाऊसिंगचेच नुकसान होते.

जाड तेलाने आवाज काही काळ दबतो, झीज थांबत नाही. क्राऊन-पिनियनच्या हायपॉइड, म्हणजे तिरकस वळणाच्या, दातांत घसरण मोठी असल्याने त्यांना ९० ग्रेडचे हायपॉइड तेलच हवे. नळीच्या एक्सलमध्ये ते जेमतेम ०.८५ लिटर मावते.

संपूर्ण उघडण्याची वेळही येते, हे मान्य आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर, फ्लँज (प्रॉपेलर शाफ्ट जोडण्याची चकती) धरून हलवल्यावर जाणवणारी पिनियनची हालचाल किंवा तेलात सापडणारे दातांचे तुकडे ही त्याची लक्षणे आहेत. तशा वेळी हाऊसिंग फाकवण्याचे हत्यार, डायल गेज (बारीक अंतर मोजणारे उपकरण) आणि फिरण्याचा जोर मोजण्याचे साधन हाताशी नसेल, तर एक्सल गाडीखालून काढून ही कामे नित्य करणाऱ्या कारागिराकडे द्यावा, आणि जुन्या शिम कोणत्या जागेच्या आहेत हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.