ड्रॉप शॉट म्हणजे नुसतं थरथरवणं नव्हे

गळाने बास मासा पकडणाऱ्यांमध्ये ड्रॉप शॉट या रिगबद्दल, म्हणजे लाइनवर गळ आणि वजन बांधायच्या एका पद्धतीबद्दल, एक सल्ला सर्रास फिरतो. ही रिग फक्त खोल पाण्यासाठी. बोटीखाली सरळ सोडायची. गाठ कुठलीही चालते. रॉडचं टोक सतत थरथरवत ठेवायचं. आणि चावा जाणवला की जोरात झटका मारायचा. नव्याने शिकणारा हे सगळं मनापासून करतो, मासा लागत नाही किंवा लागलेला सुटतो, आणि मग तो रिगलाच नावं ठेवतो. दोष रिगचा नाही, सल्ल्याचा आहे. ड्रॉप शॉटमध्ये वजन सर्वांत खाली असतं आणि गळ त्याच्या वर, त्याच लाइनला बांधलेला असतो. वजन तळाशी टेकतं आणि रबरी आमिष तळापासून वर अधांतरी राहतं. वजन जागेवर, आमिष मोकळं, यातच या रिगचं सगळं बळ आहे. वरचा सल्ला पाळला तर नेमकं तेच हातचं जातं.

सुरुवात गाठीपासून करतो, कारण तिथे चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया. पालोमर गाठच घ्या. लाइन दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायची, तिची एक साधी सैल गाठ मारायची, फास अख्ख्या गळावरून पलीकडे घ्यायचा आणि गाठ ओली करून सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बनची लाइन तिथेच कमजोर होते. मोकळं टोक दोन फुटांपर्यंत लांब ठेवायचं, कारण वजन त्यालाच लागणार. आता खरी गोम. गळ आडवा आणि त्याची अणी वर धरा, आणि ते मोकळं टोक नेढ्यातून पुन्हा एकदा वरून खाली ओवा. वजन लावून लाइन ताणली की गळ काटकोनात बाहेर उभा राहतो, अणी आकाशाकडे. ही शेवटची ओवणी टाळली तर गळ लाइनला चिकटून लोंबतो आणि आमिष मुडपून तिच्याभोवती फिरतं. खालून वर ओवली तर अणी खाली वळते. पाण्यात टाकण्याआधी दोन्ही हातांनी लाइन ताणून एकदा बघाच.

वजनाला मात्र गाठ मारू नका. ड्रॉप शॉटच्या वजनाला वर एक चिमटा असतो, त्यात लाइन फक्त अडकवायची. खडकात वजन फसलं तर जोर लावल्यावर तेवढंच निसटतं, गळ आणि आमिष परत येतं.

‘फक्त खोल पाण्यात, बोटीखाली’ हा मुद्दा बहुतेकांना पटलेला असतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, मासा दिसतो, रिग त्याच्यासमोर सोडता येते, हे खरंच. पण चार-पाच फूट पाण्यात, वनस्पतींच्या कडेला, धक्क्याच्या सावलीत, किनाऱ्यावरून लांब फेकूनही ही रिग उत्तम चालते. बासला एका जागी जास्तीत जास्त वेळ आमिष दाखवायचं असेल तर दुसऱ्या फार थोड्या रिग एवढं देतात. फरक पडतो तो कोनाचा. बोटीखाली लाइन उभी असते, त्यामुळे गळ आणि वजनात बारा इंच अंतर असेल तर आमिष तळापासून बारा इंचांवरच राहतं. लांब फेकल्यावर लाइन तिरकी होते आणि तेच आमिष तळापासून जेमतेम तीन-चार इंचांवर येतं, कधी गाळात लोळतं. म्हणून फेकून खेळताना अंतर वाढवा, अठरा इंच किंवा जास्त. हे न कळल्यामुळेच ‘उथळ पाण्यात चालत नाही’ हा समज टिकून आहे असं माझं ठाम मत आहे.

आता थरथरवण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त मासे इथेच हुकतात. ताणलेल्या लाइनवर रॉडचं टोक हलवलं की वजन उचलून आपटतं आणि पूर्ण रिग आपल्याकडे सरकत येते. म्हणजे ज्या कामासाठी ही रिग बांधली तेच मोडलं. हवी ती थोडी ढिली लाइन. टोकाची हालचाल त्या ढिल्या भागातच जिरली पाहिजे, आमिषाची शेपटी लवली पाहिजे आणि वजन इंचभरही हलता कामा नये. विश्वास बसत नसेल तर स्वच्छ, गुडघाभर पाण्यात पायाशीच रिग सोडून बघा: आधी लाइन ताणून हलवा, मग ढिली करून. पहिल्या वेळी वजनाने उडवलेला गाळाचा धूर दिसेल. दुसऱ्या वेळी गाळ बसलेला आणि आमिष जागच्या जागी जिवंत.

आणि त्यानंतर थांबा. थंड पाण्यात तर दहा-वीस सेकंद काहीच करू नका. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषाला पाण्याची हलकीशी ओढही पुरते, आणि संशयी बास पुष्कळदा त्या स्तब्धतेतच तोंड लावतो.

झटक्याचं थोडक्यात सांगतो. इथला गळ बारीक तारेचा, १ किंवा २ नंबरचा. लीडर, म्हणजे लाइनचा गळाकडचा तुकडा, सहा-आठ पौंड ताण सोसणारा. मुख्य लाइन बहुधा ब्रेड, म्हणजे विणलेली, जी ओढली तरी जवळजवळ लांबत नाही. जोरदार झटका थेट गळावर बसतो, तार सरळ होते, गाठ तुटते किंवा माशाचं तोंड फाटतं. जडपणा जाणवला की ढिली लाइन गुंडाळत रॉड सलगपणे वर घ्या. आमिष नाकातून, म्हणजे पुढच्या टोकातून, टोचलेलं असेल तर अणी उघडीच असते, ती आपोआप रुतते. दाट वनस्पतींत अणी प्लॅस्टिकमध्ये लपवून, जाड लाइनवर, बेटकास्टर या जड कामाच्या रीलने खेळत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे जोर लागतोच.

‘खोल जा’ या सल्ल्याचा त्रास माशालाही होतो, आणि त्याबद्दल बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं. बासच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला तोंडाकडे वाट नसते. साधारण तीस फुटांहून खोलातून वर ओढला की दाब उतरतो, पिशवी फुगते आणि सोडलेला मासा पोट वर करून तरंगत राहू शकतो. मासा सोडूनच द्यायचा असेल तर एवढ्या खोलवर मुद्दाम जाऊ नका. चुकून तिथला लागलाच, तर बोटीतल्या टाकीत ठेवू नका, फोटोसाठी थांबू नका. गळ काढा आणि लगेच पाण्यात सोडा, म्हणजे स्वतःच्या जोरावर खाली जाण्याची संधी त्याला मिळते.