ताल म्हणजे केवळ बलिदान नव्हे

संगणकावरील बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये काही आकडे बदलून जुन्या जगज्जेत्यांची शैली उतरवता येते, असे सांगणारा लेख वाचला. ‘बलिदानाची प्रवृत्ती वाढवली की संगणकातून मिखाईल ताल साकारतो’, हे त्यातील विधान मला पटले नाही; बलिदान म्हणजे डावात मुद्दाम आपले मोहरे देणे. १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात तालने तत्कालीन जगज्जेत्या बोटविनिकविरुद्ध पटावरील एफ४ या घरात घोड्याचे बलिदान दिले. पुढे निवांत विश्लेषणात त्या खेळीला उत्तर सापडले, परंतु घड्याळ चालू असताना ते बोटविनिकला सापडले नाही आणि ताल जिंकला. म्हणजे त्या बलिदानाचे बळ जितके पटावर होते, तितकेच समोरच्या माणसाच्या मनात होते. मी संगणकावर ज्या ‘ताल’शी खेळत आलो आहे, तो समोर कोण आहे हे जाणत नाही, मोहरे उधळतो आणि खेळाची पातळी कमी ठेवलेली असल्यास डावाच्या साध्या अंतिम अवस्थेत अचानक हत्ती फुकट देतो. अशी चूक तालचीच काय, कोणत्याही सरावलेल्या खेळाडूची वाटत नाही.

त्याच लेखात आणखी एक जगज्जेता पेत्रोस्यान याला निव्वळ ‘बचावात्मक’ ठरवणे तर मला अधिकच खटकले. १९५३ च्या झ्युरिक स्पर्धेत अमेरिकेच्या रेशेव्हस्कीविरुद्ध त्याने अधिक मोलाचा हत्ती उंटाच्या तोंडी दिला, तो घोड्याला डी५ हे भक्कम घर मिळावे म्हणून. हा विचार आकड्यांच्या कोणत्या पट्टीवर बसवणार?