भिंतीवरचे 15:00

सर, नमस्कार. प्रतिक्रिया रागातली आहे, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'ध्येय मोठंच ठेवा' हा माझा लेख वाचून अकरावीतल्या तुमच्या मुलाने खोलीच्या भिंतीवर '15:00, डिसेंबर' असं लिहून ठेवलंय. म्हणजे डिसेंबरपर्यंत 5000 मीटर पंधरा मिनिटांत; सध्या त्याला 17:10 लागतात. त्यापायी तो रोज दोन्ही वेळ जीव तोडून पळतोय आणि आता नडगी धरून बसलाय. वर तुम्ही विचारता, "ज्या अविनाश साबळेचे गोडवे गाता, तो तरी ऑलिम्पिकमध्ये अकरावाच आला ना? शेवटी गुडघाही गेलाच."

आधी नडगी. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल, तर पळणं आजच बंद आणि डॉक्टरांना दाखवा. बाकीचं मग वाचलंत तरी चालेल.

आता साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे लाकडी अडथळे (बॅरिअर) आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, गोपाळ सैनींचा 8:30.88 हा 1981 चा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं जागचा हलला नव्हता. साबळेने 2018 मध्ये भुवनेश्वरला 8:29.80 वेळ दिली आणि 2024 च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये (जगातल्या अव्वल धावपटूंच्या शर्यतींची मालिका) 8:09.91. वीस सेकंदांना सहा वर्षं, तीही लष्करातल्या खेळाडूला. तुमचे चिरंजीव एका हंगामात दोन मिनिटं दहा सेकंद मागतायत! ध्येय मोठं असणं वेगळं आणि घाईचं असणं वेगळं. पाय मोडते ती घाई.

'अकरावाच' हे मात्र मला पटत नाही. डायमंड लीगच्या त्या विक्रमी शर्यतीत तो सहावा होता. उलट 2023 च्या हांगझोऊ एशियाडचं सुवर्ण त्याला 8:19.50 ला मिळालं, म्हणजे साडेनऊ सेकंद जास्त घेऊन. क्रमांक शेजारी कोण पळतंय यावर ठरतो. आणि ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष; तिथे अकरावा येणं ज्याला लहान वाटतं, त्याने एकदा बॅरिअरजवळ उभं राहून शर्यत पाहावी. हर्डलला पाय लागला तर ते पडतं, बॅरिअर ढिम्म हलत नाही. 91.4 सेंटिमीटर उंच, वरची फळी तळव्याएवढी जाड, आणि सात वेळा तिच्यापलीकडे पाणी. भिजलेल्या बुटांनी पुढची फेरी. गुडघा गेला तो 2025 मध्ये मोनॅकोला अशाच पाण्याच्या उडीवर पडून. त्याचं खापर महत्त्वाकांक्षेवर कसं फोडणार?

आता मुद्द्याचं. 17:10 म्हणजे 400 मीटरच्या फेरीला 82 सेकंद, 15:00 म्हणजे 72. फेरीमागे दहा सेकंद कुठल्याही इंटरव्हलने (मध्ये दम घेत वेगात पळायचे तुकडे) डिसेंबरपर्यंत निघत नाहीत. गंमत अशी की पंधराचं ध्येय खरोखर मनावर घेतलं, तर पोराला आज सावकाश पळावं लागेल. सतरा मिनिटांच्या आत यायचं एवढंच असेल, तर दोन महिने 400 चे तुकडे झोडून ते जमूनही जातं. पंधरासाठी आधी वर्षानुवर्षं बोलता बोलता पळता येईल अशा वेगात किलोमीटर साठवावे लागतात. शर्यती कमी, झोप जास्त. सोबतची मुलं पुढे निघून जातील, ते सोसावं लागेल. सतराव्या वर्षी हेच सगळ्यात अवघड, बापालाही.

म्हणून तो आकडा पुसायला लावू नका. 'डिसेंबर' तेवढं खोडा. नडगी बरी झाली आणि डॉक्टरांनी सोडलं, तर या हंगामाला 16:45 पुष्कळ झाले. फेरीमागे दोनच सेकंद. आणि त्याला एक विचारून कळवा: पाय दुखायच्या आधी आठवड्याला किती किलोमीटर होत होते, आणि त्यातले सावकाश किती? माझा अंदाज आहे की सावकाश एकही नसेल.